वाट्याची म्हैस

आमच्या चिपळूणची माणसं देशावर जातात ती नोकरीला, लग्नाला, नाहीतर कोर्टाच्या कामाला. मी गेले ती दुभाषी म्हणून आणि परत आले ती एका म्हशीच्या सौद्याची साक्षीदार होऊन. आळीतल्या सगळ्यांना हे तोंडी सांगून झालं आहे, पण दर वेळी कुणीतरी मध्येच विचारतं, "पण तुम्ही म्हैस घेतलीत कशाला?" म्हैस मी घेतलेली नाही. म्हणून एकदाचं नीट लिहून काढते आहे.

अश्विनी ही माझ्या मैत्रिणीची मुलगी. नेवासे तालुक्यातल्या एका लहानशा संस्थेत ती काम करते. ही संस्था भूमिहीन बायांच्या गटांना शेळ्या देते आणि शेळ्यांचे पैसे आयर्लंडमधल्या एका मंडळाकडून येतात. त्या मंडळाचे एक विश्वस्त आपल्या शेळ्या पाहायला येणार होते आणि नेहमीच्या दुभाष्याला ऐन वेळी कांजिण्या झाल्या. "मावशी, तू आयुष्यभर इंग्रजी शिकवलंस, चार दिवस बोललीस तर काय बिघडेल?" असं तिनं फोनवर विचारलं. मास्तरणीला असं विचारलं की ती नाही म्हणू शकत नाही, हे पोरीला बरोबर ठाऊक होतं.

सुपा

पुण्याहून नगरच्या रस्त्याला लागलो. नगरचं आता अहिल्यानगर झालं आहे. पाट्या बदलल्या, कंडक्टर अजून नगरच ओरडतात. गाडीत माझ्या शेजारी डोनल बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, उंच, लालबुंद चेहरा, हात फावड्याएवढे. मला वाटलं होतं, विश्वस्त म्हणजे टाय लावलेला कुणी बँकवाला असेल. हे निघाले गवळी. जन्मभर गाई पाळल्या आणि गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून सगळ्या विकून टाकल्या. हे सगळं त्यांनी मला पहिल्या तासातच सांगितलं होतं म्हणे. मला ते दुसऱ्या तासात कळलं, कारण पहिला तासभर ते आयरिश भाषेत बोलताहेत असंच मला वाटत होतं.

सुप्याला चहाला थांबलो. एमआयडीसीत पाळी बदलत होती, निळ्या डगल्यातली पोरं घोळक्यानं वडापाव खात उभी होती. डोनलनी चहाचा पहिला घोट घेतला, ग्लासात डोकावून पाहिलं आणि चहावाल्याला विचारायला लावलं की दूध गाईचं की म्हशीचं. चहावाला म्हणाला, "म्हशीचं. गायीच्या दुधाचा च्या व्हय?" डोनलनी ग्लास अर्धाच खाली ठेवला. जन्मभराच्या गाईंबद्दल कुणीतरी वाईट बोलल्यासारखं त्यांना वाटलं असावं.

गाडीत बसल्यावर अश्विनी पुढच्या सीटवरून मागे वळली आणि मराठीत म्हणाली, "मावशी, एक सांगून ठेवते. उद्या बायका म्हशीचा विषय काढतील. तू तो जरा मोघम ठेव."

"का गं?"

"पुढच्या वर्षीच्या शेळ्याच मंजूर झाल्यात. त्यांच्याकडे ख्रिसमसला लोक एकमेकांना कार्ड पाठवतात, तुमच्या नावानं एका गरिबाला शेळी दिली, असं. त्यावर शेळीचं चित्र असतं. कार्डं खपतात म्हणून शेळ्या येतात."

मग म्हशीचंही कार्ड काढा की, असं मी म्हणणार होते. पण ऐन सणाला एखाद्या बाईच्या हातात म्हशीचं चित्र पडलं तर नाती तुटायची, मग ती आयर्लंडात असो की चिपळुणात.

वस्ती

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घोडेगावहून आत तासभर. एका बाजूला उसाचे फड, दुसऱ्या बाजूला कांद्याची रानं आणि दोन्हींपासून बाजूला, खडकाळ जागेवर ही वस्ती. दारात निळे झेंडे, घराघरात बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. डोनलना मी वाटेत "जय भीम" म्हणायला शिकवलं होतं. त्यांनी ते इतक्या जोरात म्हटलं की एक शेळी दाव्यासकट पळाली.

मग सत्कार सुरू झाला. कोकणात आम्ही पाहुण्याला पाट देतो, पाणी देतो आणि त्याच्या बोलण्याची वाट पाहतो. इथं पाहुणा बोलायच्या आत त्याला फेटा बांधतात. डोनलच्या डोक्याच्या घेरापुढे फेटा कमी पडला, तेव्हा कुणीतरी घरातून दुसरा आणून त्याला जोडला. शाल, नारळ, हार सगळं झालं. गटातल्या बाया आपापल्या शेळ्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. फोटो काढायला डोनल मध्ये उभे राहिले आणि शेजारच्या शेळीनं त्यांच्या गळ्यातला हार खालून खायला सुरुवात केली. फोटो निघेपर्यंत तो छातीपर्यंत आला होता. डोनलनी तिला अडवलं नाही. उलट तिचंच तोंड उघडून दात पाहिले. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण इथं धर्म करणाराच दात मोजत होता.

"शेळ्या कशा आहेत?" त्यांनी विचारलं. मी मराठीत सांगितलं.

"लई छान," सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या. हा सूर मी ओळखते. शाळा तपासनीस वर्गात आले की आमची मुलं याच सुरात "हो सर" म्हणायची.

डोनलनीही तो ओळखला असावा. रांगेच्या टोकाला एक बाई होती, चाळिशीची, काटक, हातात दोन शेळ्यांची दावी गच्च धरलेली. सुमनबाई तिचं नाव. डोनल तिच्यापाशी गेले आणि त्यांनी मला विचारायला सांगितलं, "तुला स्वतःला काय हवं होतं?"

अश्विनीला खोकल्याची उबळ आली. मी विचारलं.

"म्हैस," सुमनबाई म्हणाली.

आता याचं मोघम भाषांतर कसं करायचं, हे अश्विनीनं मला सांगितलं नव्हतं. मी सरळ सांगून टाकलं. का, असं डोनलनी विचारलं.

"आमाला ना बांध, ना रान. शेळ्या चारायच्या कुठं? लोकाच्या बांधावर. मंग लोक काय बोलत्यात ते मॅडम, तुमी इंग्रजीत नका सांगू." बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. "आन मला रोजचं पायजे. ह्या वर्सी पोरगी नर्सिंगला लागली, नगरला. तिला दर म्हैन्याला धाडावं लागतं. शेळी काय दर म्हैन्याला इकायची? म्हैस दारात बांधून ऱ्हाती. चाऱ्याला गवत आन उसाचं वाढं आमाला खुरपायला, तोडायला गेल्यावर मिळतंच. दुधाची गाडी फाट्यावर येती."

डोनलनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की मंडळात ते एकटेच शेतकरी, मत एकच. बाकीच्यांना शेळी आवडते, शेळी चित्रात हसरी दिसते. प्रयत्न करीन, पण शब्द देता येणार नाही.

"मंग इचारलं कशाला?" सुमनबाई म्हणाली.

हेही मी जसंच्या तसं सांगितलं. अश्विनीनं कपाळाला हात लावला. मुळात लाल असलेला माणूस आणखी लाल होऊ शकतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला सुमनबाईचा राग आला नाही. खरं सांगायचं तर मला ती फार आवडली.

जेवण तिच्याच घरी होतं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि शिपी आमटी. नाव ऐकून मला वाटलं शिंपल्यांची असेल. आम्हा कोकण्यांना शिंपल्या आठवायला निमित्त लागत नाही. पण ती डाळीची निघाली, वर लाल तवंग. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. डोनलना फेट्याच्या शेपटानं डोळे पुसताना पाहून बाया प्रथमच मोकळ्या हसल्या. आमच्याकडे "आणखी वाढू का?" असं विचारून उत्तराची वाट पाहतात. इथं विचारतात आणि त्याच वेळी वाढतात, त्यामुळे नाही म्हणायला मधे जागाच राहत नाही.

घोडेगाव

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात एक बैठक होती. डोनलनी सकाळी जाहीर केलं की त्यांना गुरांचा बाजार पाहायचा आहे आणि बैठकीला नंतर येऊ. म्हातारी माणसं आणि लहान मुलं हट्टाला पेटली की त्यांच्याशी वाद घालू नये, म्हणून आम्ही घोडेगावला गेलो.

बाजार म्हणजे नुसता धुरळा, हंबरडे आणि शेणाचा वास. कडेला दावी, घुंगरं, म्होरक्या विकणारे, त्यांच्या पलीकडे भेळ आणि गुळात घोळलेल्या गुडीशेवेच्या पराती. मी गुडीशेवेपाशी थांबले. डोनल आत शिरले आणि दहा वर्षांनी लहान झाले. गुडघे कुठं गेले कोण जाणे. एका म्हशीपाशी ते थबकले. मुऱ्हा जातीची, काळीभोर, शिंगं जिलबीसारखी वळलेली, पोट भरलेलं. गाभण होती. डोनलनी तिचे दात पाहिले, कास पाहिली, पोटावर हात ठेवून डोळे मिटून उभे राहिले. मग तिला चालवून दाखवायला लावली आणि शेवटी शेपूट उचलून मागून पाहिलं. भोवती माणसं गोळा झाली.

दलाल होते हमीदभाई, पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल. इथं जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली घालतात आणि बोटं धरून भाव सांगतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. हमीदभाईंनी डोनलच्या हातावर रुमाल टाकला. डोनलनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ही इथली पद्धत आहे. तेवढंच मी म्हटलं. डोनलचा चेहरा उजळला. त्यांनी रुमालाखाली हमीदभाईंची बोटं धरली, हमीदभाईंनी त्यांची धरली, यांनी मान हलवली, त्यांनी हलवली, यांनी हसत बोटं दाबली. म्हशीचा मालक पुढं आला आणि हमीदभाईंनी म्हशीच्या पाठीवर गुलाल टाकला.

म्हशीच्या पाठीवर गुलाल पडला आणि अश्विनीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला याचा अर्थ ठाऊक होता. म्हैस विकली गेली होती.

मी पुढं होऊन हमीदभाईंना सांगितलं, साहेब पाहुणे आहेत, गंमत म्हणून हात घातला.

"मॅडम, त्यांनी दात बघितलं, कास बघितली, चालवून बघितली," हमीदभाई शांतपणे म्हणाले. "मस्करी करनारा मानूस शेपूट उचलून बघतो व्हय?"

मी म्हशीच्या शेपटीकडे पाहिलं. मग तेच म्हणाले, "पन ऱ्हाऊ द्या. परदेशातला मानूस हाय. मोडला सौदा तर आमी काय धरून ठिवनार न्हाई. लोक चार दिस हसतील, इतकंच." म्हशीचा मालक मात्र खाली बघत उभा होता.

हे मी डोनलना सांगितलं. त्यांनी फेटा नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "आमच्याकडे गुरांच्या जत्रेत तळहातावर थुंकतात आणि टाळी देतात. टाळी दिली की गाय गेली. माझ्या बापानं एकदा दारूच्या भरात दिली होती, पण मोडली नाही." मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शिवाय म्हैस चांगली आहे."

पैसे त्यांच्या स्वतःच्या खिशातले. ते काढायला एटीएमच्या किती खेपा झाल्या ते विचारू नका. मालकानं म्हैस दिली, पण तिचं दावं सोडून घेतलं. घरची लक्ष्मी दाव्याबरोबर जाते म्हणे. म्हणून नवं दावं घ्यावं लागलं. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल अशी म्हण आहे. इथं मोल झालं, म्हैसही बाहेर आली, फक्त जायचं कुठं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

डोनलनी अर्थातच सुमनबाईचं नाव घेतलं. अश्विनी अर्थातच नाही म्हणाली. विश्वस्तानं संस्थेच्या गटातल्या कुणाला स्वतःची भेट द्यायची नाही, असा त्यांच्याच मंडळाचा नियम. आणि तो बरोबर आहे, असं ती रडवेली होऊन म्हणाली, "आठ बाया आहेत. एकीच्या दारात फुकटची म्हैस बांधली तर उद्या गट राहणार नाही." बरं, परत विकावी तर हमीदभाईंनी हात झाडले. आज घेतलेली म्हैस आजच विकायला काढली की लोक म्हणतात लाथ मारती.

आम्ही तिघं आणि म्हैस, असे भर बाजारात उभे राहिलो. म्हशीला तेवढी घाई नव्हती. हमीदभाईंना आमची दया आली असावी. त्यांनी भेळ मागवली आणि म्हणाले, "यवढा इचार कसला करताय? द्या की वाट्यानं."

वाट्यानं म्हणजे जनावर एकाचं, सांभाळायचं दुसऱ्यानं. दूध सांभाळणाराचं. पिल्लं एक मालकाला, एक सांभाळणाराला, अशी आळीपाळीनं. ही भेट नव्हे आणि दानही नव्हे. मी हे डोनलना समजावत होते तेव्हा त्यांनी भेळेतली मिरची चावली होती, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याचं नेमकं कारण मला सांगता येणार नाही.

परत वस्तीवर

टेम्पोतून म्हैस उतरली तशी सगळी वस्ती गोळा झाली. सुमनबाई आली नाही. ती दारात उभी राहून बघत होती. आम्हीच तिच्याकडे गेलो.

"फोटू काढायचा आसंल," ती म्हणाली.

मी तिला चुकून झालेला सौदा सांगितला आणि म्हटलं, फोटो नाही. वाट्यानं सांभाळतेस का, असं विचारताहेत.

ती दारातून खाली उतरली. म्हशीभोवती एक चक्कर मारून आली. मग म्हणाली, "समद्या बायास्नी बलवा."

बाया आल्या, बसल्या. डोनलनी खिशातून मोठा रुमाल काढला आणि हातावर टाकून तिच्यापुढं धरला. बाजारात नुकतंच शिकले होते ना. सुमनबाईला हसू फुटलं. "त्ये बाजारात. हितं तोंडानं बोलायचं, समद्यांच्या म्होरं. नायतर उद्या ह्याच म्हनतील, सुमननं साहेबाला गुंडाळलं."

डोनलनी रुमाल खिशात ठेवला आणि खाली सतरंजीवर बसले. बसायला त्यांना दोघांचे हात धरावे लागले. अटी सुरू झाल्या. दूध तिचं. चारा तिचा. औषधपाणी निम्मं-निम्मं. म्हैस आपल्या मरणानं मेली तर नुकसान मालकाचं, हयगयीनं मेली तर तिचं. "आन मी हयगय करनार न्हाई," तिनं जोडलं.

पोटातल्या पिल्लावर गाडी अडली. डोनल म्हणाले, ते तिचं.

"न्हाई. पोटातलं मालकाचं. त्यांनी गाभण घेतली, गाभणचा भाव दिला. दुसरं माझं."

डोनल म्हणाले, मी इतक्या लांब, मला पिल्लू काय करायचंय? तिलाच राहू दे.

सुमनबाईनं माझ्याकडे न बघता थेट त्यांच्याकडे बघितलं. "मंग नको मला म्हैस. शेळ्या फुकट घेतल्या, तवापास्नं कोन बी आलं की रांगेत हुबी ऱ्हाते. वाट्यानं घेतली तर कोन मला हुबं करील?"

हे मी इंग्रजीत सांगितलं. आयुष्यात मी पुष्कळ भाषांतरं शिकवली, एवढं अवघड एकही नव्हतं. डोनलनी मान हलवली आणि हात पुढं केला. थुंकले नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. सुमनबाईनं पदराला हात पुसले आणि हात मिळवला. बाया म्हणाल्या, आमाला पटलं. त्यातली एक मागून पुटपुटली, "सायबाला आजून दोन म्हशी घ्यायला घोडेगावला न्या," ते मी भाषांतरात घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना ना फेटा, ना हार. सुमनबाई खुरपायला गेली होती. डोनल म्हशीपाशी जाऊन जरा वेळ उभे राहिले. अश्विनीनं वाईट वाटून घेतलं की निरोपाला कुणी आलं नाही. डोनल म्हणाले, कामाच्या दिवशी भागीदाराला निरोप देत बसतं का कुणी?

चिपळूण

आले तशी मासे खाल्ले आणि विसरून जायचं ठरवलं. तर ऐन उन्हाळ्यात सुमनबाईचा फोन.

"मॅडम, म्हैस याली. पारडी झाली. लई गुनी हाय. आता तुमच्या म्हाताऱ्याला इचारा, त्यांच्या पारडीचं काय करायचं? इकू का ठिवू?"

मी तिला थांबायला सांगून आयर्लंडला फोन लावला. पारडी म्हणजे मादी, हे कळताच डोनलनी ती कशी दिसते, दूध पिते का, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, "तिला सांगा, आता वाद नको. पारडी तिच्या मुलीच्या शिक्षणाला. माझ्याकडून."

मी सुमनबाईला तसं सांगितलं.

"त्यांनी रुमालाखाली हात घातला, तवा सौदा मोडला व्हय?" ती म्हणाली. "चुकून झाल्ता, तरी मोडला न्हाई. मंग मी समजून उमजून केलेला कसा मोडू? पारडी त्यांचीच. ठिवायची आसंल तर ठिवते मी, पन ती बी वाट्यानं. मोठी झाल्यावर तिचं पयलं पारडू पुन्यांदा त्यांचं."

हे मी डोनलना शब्दाशब्दानं कळवलं. गवळ्याच्या डोक्यात हिशेब लगेच उतरला असणार: पारडीची म्हैस, म्हशीची पारडी, सगळी एका भूमिहीन बाईच्या दारात आणि निम्मी त्यांची, ते असेपर्यंत आणि नंतरही. मी त्यांच्या हसण्याची वाट पाहत होते. ते हसले नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं की तिकडचं ऊन नेमकं कधी कमी होतं, म्हणजे तिकीट त्या सुमाराचं काढता येईल.